फ्रीजचं बिल कोण भरणार?

गेल्या वर्षी गौरी जेवल्या त्या दुपारची गोष्ट. पंगती उठल्या होत्या, मंडळी ओसरीत लवंडली होती आणि माझी बारावीतली भाची सगळ्यांना बळेबळे समोर बसवून शाळेतल्या प्रकल्पाची तालीम करत होती. विषय होता अतिवाहक, म्हणजे सुपरकंडक्टर. लॅपटॉपवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘शून्य रोध, शून्य नुकसान’. साध्या तारेतून वीज जाताना तार तापते आणि थोडी वीज वाटेतच वाया जाते. अतिवाहक पुरेसा थंड केला की हे नुकसान होत नाही. किती थंड? उणे १९६ अंश सेल्सिअस!

माझी आई, म्हणजे तिची आजी, वाणाच्या पुड्या बांधत ऐकत होती. घरातलं विजेचं बिल आजही तीच तपासते. मान वर न करता ती म्हणाली, “म्हणजे वायर फ्रीजमध्ये ठेवायची. बरं. मग फ्रीजचं बिल कोण भरणार?”

सगळे हसले. भाची हसली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. “मावशी, सांग ना.”

गेली एकोणीस वर्षं मी अतिशीत तंत्राच्या क्षेत्रात आहे. नातेवाईक माझी ओळख ‘ही आपली फ्रीजवाली’ अशी करून देतात. पण या विषयावरच्या सभांमध्ये मोठमोठी माणसं ज्या प्रश्नाभोवती घोटाळत असतात, तो आईनं पुड्या बांधता बांधता विचारला होता. त्या दुपारी मला नीट उत्तर देता आलं नाही, कारण चहा आला आणि विषय बदलला. ते उत्तर आज लिहिते आहे.

थंडी येते कुठून

आधी थोडा इतिहास. हॉलंडमधल्या लायडन इथे हाइके कामरलिंग ओनेस यांनी १९०८ साली हेलियम वायूचा द्रव केला. १९११ साली त्याच थंडीत पारा ठेवून पाहिला, तर उणे २६९ अंशांच्या आसपास पाऱ्याचा विद्युत रोध एकाएकी नाहीसा झाला. हा अतिवाहकतेचा शोध. १९१३ साली त्यांना नोबेल मिळालं.

पण उणे २६९ ही थंडी भलतीच महाग. १९८६ साली झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत बेडनॉर्झ आणि म्युलर यांना एका तांबेयुक्त सिरॅमिकमध्ये बऱ्याच वरच्या तापमानाला अतिवाहकता सापडली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत असं सिरॅमिक हाती आलं, जे उणे १८० अंशांच्या आसपासच अतिवाहक होतं. या पंधरा-सोळा अंशांच्या फरकानं सगळं चित्र बदललं, कारण द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांवर उकळतो. म्हणजे हेलियमची गरज संपली, नायट्रोजनवर काम भागू लागलं. आणि नायट्रोजन तर आपल्या श्वासातल्या हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के आहे.

द्रव नायट्रोजन तुम्ही कदाचित पाहिलाही असेल. देवासजवळ मामाच्या गावी गायी-म्हशींचे डॉक्टर मोटारसायकलला एक ॲल्युमिनियमचा कॅन अडकवून येतात. झाकण काढलं की पांढरी वाफ बाहेर पडते. कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्याच द्रवात ठेवलेल्या असतात. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनच्या टँकरची वाट पाहणारी शहरं आपण कुणीच विसरलेलो नाही. तो ऑक्सिजन आणि हा नायट्रोजन एकाच कारखान्यात, हवा थंड करून आणि वेगळी करून मिळतात. त्या दिवसांत नायट्रोजनचे टँकर साफ करून ऑक्सिजनला लावले होते, इतकं जवळचं हे नातं.

एसेनची एक किलोमीटर केबल

आता खरंखुरं उदाहरण. जर्मनीतल्या एसेन शहराच्या मध्यभागी २०१४ साली दोन विद्युत उपकेंद्रांमध्ये एक किलोमीटर लांबीची अतिवाहक केबल टाकली गेली. दाब १० हजार व्होल्ट, क्षमता ४० मेगावॉट. म्हणजे जवळजवळ २३०० अँपिअर प्रवाह. आपल्या घरातला एसी दहाच्या आत-बाहेर अँपिअर घेतो, त्यावरून अंदाज घ्या. एवढी वीज एरवी शहरात आणायची तर १ लाख १० हजार व्होल्टची केबल आणावी लागते, आणि तो दाब उतरवायला भर वस्तीत मोठा ट्रान्सफॉर्मर बसवावा लागतो.

या केबलचा छेद घेतला तर एकात एक बसवलेल्या डब्यांसारखी रचना दिसते. मध्ये पोकळ नळी, तिच्यातून द्रव नायट्रोजन जातो. तिच्याभोवती अतिवाहक पट्ट्यांचे तीन थर, विजेच्या तीन फेजसाठी, आणि प्रत्येक दोन थरांमध्ये विशेष कागदी वेष्टन. बाहेरच्या पोकळीतून नायट्रोजन परत येतो. आणि सर्वांत बाहेर दुहेरी भिंतीची पोलादी नळी, जिच्या दोन भिंतींमधली हवा काढून घेतलेली असते. थर्मासच्या बाटलीत असते तशीच.

इथे एक गंमत आहे. या केबलमधला नायट्रोजन उकळू द्यायचा नसतो. बुडबुडा झाला की त्या जागी द्रवाऐवजी वायू येतो, आणि वायू विजेला द्रवाइतका नीट अडवू शकत नाही. तिथे ठिणगी पडून वेष्टन फुटू शकतं. म्हणून नायट्रोजन उकळण्याच्या बराच खाली, उणे २०६ अंशांच्या आसपास ठेवतात. पण उणे २१० अंशांवर तो गोठतो! म्हणजे एका बाजूला उकळणं, दुसऱ्या बाजूला गोठणं, आणि मध्ये जेमतेम चौदा अंशांची गल्ली. पंप चालवून, दाब राखून, वर्षानुवर्षं त्याच गल्लीतून द्रव फिरवत ठेवायचा.

मग उकळणाऱ्या नायट्रोजनपेक्षाही थंड नायट्रोजन मिळवायचा कसा? एसेननं जे केलं ते कुकरच्या नेमकं उलट आहे. कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून पाणी शंभराच्या वर जाऊन उकळतं. तिथे एका भांड्यातल्या नायट्रोजनवरचा दाब पंपानं कमी केला. त्यामुळे तो उणे १९६ च्याही खाली उकळू लागला. या भांड्यात बुडवलेल्या नळ्यांमधून केबलचा नायट्रोजन जातो आणि थंड होऊन परत कामाला लागतो. भांड्यातला नायट्रोजन वाफ होऊन हवेत निघून जातो आणि टाकी टँकरनं पुन्हा भरली जाते.

आता बिल

अतिवाहकात नुकसान शून्य, तर मग केबल तापते कशानं? तीन गोष्टींनी.

पहिली, बाहेरची उष्णता. थर्मास कितीही चांगला असला तरी रात्री ठेवलेला चहा सकाळी कोमट होतोच. दुसरी, शून्य नुकसान हे फक्त एकाच दिशेनं वाहणाऱ्या प्रवाहाला लागू. आपली वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे होते आणि त्यात अतिवाहकातही थोडी उष्णता तयार होते. भाचीच्या लॅपटॉपवर नेमकं हेच राहून गेलं होतं.

तिसरी गोष्ट मला सर्वांत आवडते, टोकांची. वीज शेवटी बाहेरच्या उबदार जगातून थंड केबलमध्ये शिरणार, ती तांब्याच्या दांड्यातून. गरम आमटीत स्टीलची पळी राहिली की दांडा पोळतो ना, तशी बाहेरची ऊब या दांड्यातून आत उतरते. दांडा बारीक केला तर ऊब कमी येते, पण विजेनं तो स्वतःच तापतो. जाड केला तर स्वतः तापत नाही, पण ऊब जास्त आत येते. हिशेब करून मधला मार्ग काढला तरी दर हजार अँपिअरमागे एका टोकाला चाळीस-पंचेचाळीस वॉट उष्णता आत येतेच. एसेनसारख्या केबलला तीन फेजची मिळून अशी सहा टोकं. हे सारं जोडलं की एक किलोमीटरला काही किलोवॉट उष्णता होते.

चाळीस वॉट म्हणजे किती? जुन्या पिवळ्या बल्बइतकी उष्णता द्रव नायट्रोजनमध्ये शिरली तर तासाभरात जवळजवळ एक लिटर उडून जातो.

आणि आत आलेली उष्णता बाहेर काढणं स्वस्त नसतं. घरचा फ्रीज एक वॉट उष्णता बाहेर काढायला साधारण एक वॉट किंवा त्याहून कमी वीज घेतो. उणे १९६ अंशांवरून तोच एक वॉट वर आणायला निसर्गाच्या नियमानं किमान तीन वॉट लागतात आणि खऱ्या यंत्रांना दहा ते वीस. हेलियमच्या तापमानाला निसर्गच सत्तर मागतो आणि यंत्र कित्येकशे. नायट्रोजनवर चालणाऱ्या अतिवाहकाचं एवढं कौतुक का झालं, ते आता कळेल.

आईसाठी एक सोपा हिशेब मांडते. समजा केबलमध्ये तीन किलोवॉट उष्णता आली आणि ती काढायला पंधरापट वीज लागली. म्हणजे पंचेचाळीस किलोवॉट. केबल ४० मेगावॉट वाहते तेव्हा हे दर हजारी एक रुपयाइतकंच होतं. स्वस्त! पण रात्री तीनला शहर झोपलेलं असताना केबलमधून चारच मेगावॉट जात असतील, तर बाहेरची ऊब काही झोपत नाही. फ्रीजमध्ये एकच लिंबू असलं तरी फ्रीज चालूच असतो. तेव्हा हाच खर्च शेकडा एकवर जातो. साधी तांब्याची केबल मात्र कमी भाराला फारच कमी तापते.

म्हणून खरं सांगायचं तर अतिवाहक केबल टाकण्याचं मोठं कारण वीज वाचवणं हे नाहीच. ती जागा वाचवते. जुन्या शहरात नव्या उपकेंद्राला जमीन नाही, रस्त्याखाली आधीच पाणी, गॅस, सांडपाणी आणि टेलिफोनची गर्दी. तिथे एका बारीक नळीतून दहा हजार व्होल्टवर ४० मेगावॉट नेता आले तर भर वस्तीतला मोठा ट्रान्सफॉर्मर वाचतो. राजवाड्यामागच्या किंवा सराफ्यातल्या गल्ल्या डोळ्यांसमोर आणा, म्हणजे पटेल. दक्षिण कोरियात २०१९ साली आणि शांघायमध्ये २०२१ साली अशा केबली सुरू झाल्या, त्याही दाट शहरी भागांसाठीच. एसेनची केबल २०२१ पर्यंत चालली. जे शिकायचं होतं ते तिनं शिकवलं.

आणि फ्रीजचं बिल? एसेनमध्ये त्याचा मोठा भाग दुसऱ्याच ठिकाणी भरला गेला. नायट्रोजन द्रव करायला लागणारी वीज हवा वेगळी करणाऱ्या कारखान्यात खर्च झाली आणि थंडी टँकरमध्ये बसून शहरात आली. याचा फायदाही आहे. टाकी भरलेली असेल तर थंडी साठवलेली असते. एखादं यंत्र बंद पडलं तरी हाताशी वेळ मिळतो.

दुसरं बिल

पण एक बिल असं असतं जे पैशांत येत नाही. ते मला एका जानेवारीत कळलं.

मी नोकरीला नवी होते. प्रयोगशाळा कुठली ते सांगत नाही, त्यानं काही साधणार नाही. कोठीएवढ्या खोलीत मोठ्या टाकीतून पंचवीस लिटरच्या कॅनमध्ये नायट्रोजन भरायचं काम होतं. थंडी कडाक्याची, म्हणून खिडकी बंद. भिंतीवर ऑक्सिजन मोजणारं यंत्र होतं, पण ते ‘उगाच वाजतं’ म्हणून कुणीतरी बंद करून ठेवलं होतं. कॅन कोरडा आणि उबदार होता. अशा कॅनमध्ये पहिला नायट्रोजन ओतला की तो भराभर उकळून जातो. मी ओतत राहिले.

एक लिटर द्रवाचा जवळजवळ सातशे लिटर वायू होतो. पंचवीस लिटर उडाला तर तीन बाय चार मीटरच्या खोलीतली जवळपास निम्मी जागा भरेल इतका. तेवढी हवा, तिच्यातल्या ऑक्सिजनसकट, बाहेर ढकलली जाते. एकवीस टक्क्यांचा ऑक्सिजन तेरा-चौदावर यायला वेळ लागत नाही.

आणि शरीराला ते कळतच नाही. गुदमरल्याची जाणीव आपल्याला ऑक्सिजन कमी झाल्यानं होत नाही, कार्बन डायऑक्साइड साठल्यानं होते. नायट्रोजनमध्ये श्वास आरामात चालू असतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो, त्यामुळे मेंदू सांगतो की सगळं ठीक आहे. मला इतकंच आठवतं की ओठांना मुंग्या आल्या होत्या आणि कशाचं तरी हसू येत होतं.

आमच्याकडे ग्वाल्हेरचे एक वयस्कर तंत्रज्ञ होते, आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. उमेदीच्या काळात बर्फाच्या कारखान्यात काम केलेले. ते दारात आले आणि दार पूर्ण उघडून तिथूनच ओरडले, “मॅडम, आधी बाहेर या. कॅन राहू द्या. बाहेर या!” मी म्हणाले, झालंच आहे, दोन मिनिटं. त्यांनी श्वास रोखला, आत आले, माझा हात धरला आणि ओढत व्हरांड्यात आणलं. तिथे पायरीवर बसल्यावर माझे पाय थरथरू लागले. त्याआधी नाही.

काका रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “तो वास देत नाही, खोकला आणत नाही. म्हणून तर यंत्र लावतात.” आणि आत जाऊन त्यांनी खिडकी उघडली, यंत्र चालू केलं. ते लगेच वाजायला लागलं.

नोंदवहीत त्या दिवशी काहीच लिहिलं गेलं नाही. मीही लिहिलं नाही. नवी होते, घाबरले. त्याची खंत आजही आहे, कारण जे लिहिलं जात नाही ते पुढच्या माणसाला कळत नाही. त्यानंतर मी दोन नियम सोडले नाहीत. द्रव नायट्रोजनचा कॅन घेऊन लिफ्टमध्ये बसायचं नाही. कॅन लिफ्टमधून एकटा जाईल, मी जिन्यानं. आणि ऑक्सिजनचं यंत्र वाजलं तर ते खोटं वाजतंय असं कधीही धरायचं नाही. अतिवाहक केबलचे जोड जमिनीखालच्या कोठडीत असतात. तिथे उतरणाऱ्या प्रत्येक माणसाला हेच लागू.

थंडी सांभाळणारे

जोडावरून आठवलं. जिनिव्हाजवळ सर्नच्या सत्तावीस किलोमीटरच्या कड्यात, लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये, अतिवाहक चुंबक हेलियमनं थंड ठेवतात. १९ सप्टेंबर २००८ रोजी दोन चुंबकांमधला एक विजेचा जोड सदोष निघाला. जोड तापला, ठिणगी पडली, हेलियमची नळी फुटली आणि सुमारे सहा टन हेलियम बोगद्यात बाहेर पडला. पन्नासहून जास्त चुंबक काढून दुरुस्त करावे किंवा बदलावे लागले आणि वर्षभराहून जास्त काळ यंत्र बंद राहिलं. त्या चुंबकांना आधार देणारे आणि जागेवर बारकाईनं बसवणारे हजारो जॅक भारतातून गेले, आपल्या इंदूरच्या राजा रामण्णा केंद्राच्या, म्हणजे आपण ज्याला ‘कॅट’ म्हणतो त्याच्या पुढाकारानं. तेव्हा हे सगळं फार दूरचं आहे असं समजू नका.

तुमच्यापैकी कुणी एमआरआयसाठी गेलं असेल तर आत शिरताना एक एकसुरी, पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा आवाज ऐकला असेल. तपासणी चालू नसतानाही तो येत असतो. तो चुंबकाला थंड ठेवणाऱ्या यंत्राचा. चुंबकातला प्रवाह एकदा सुरू केला की वर्षानुवर्षं फिरत राहतो, पण हे यंत्र रात्रंदिवस चालू ठेवावं लागतं.

माझ्या कामाचं सार मला तेवढ्यात सापडतं. वीज फुकट वाहते, थंडी फुकट मिळत नाही. केबलबद्दल बातमी येते, ती थंड ठेवणाऱ्या पंपाबद्दल येत नाही. एक किलोमीटर पोलादी नळी तेवढी थंड केली तर सुमारे तीन मीटर आखडते. म्हणून ती सावकाश थंड करावी लागते आणि कुणीतरी रात्रभर आकडे पाहत बसतं. पोकळीतली निर्वात अवस्था बिघडली का, पंपाचा आवाज बदलला का, हे पाहणारी माणसं लागतात. आमच्या काकांसारखी.

भाचीनं प्रकल्पातलं शेवटचं पान बदलून मला फोनवर पाठवलं. ‘शून्य नुकसान’ काढून तिनं लिहिलं होतं, ‘नुकसान कमी, जागा कमी, पण थंडीचं बिल रोज.’ खाली बारीक अक्षरात, ‘हा प्रश्न माझ्या आजीचा आहे.’

आईला ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, “ते ठीक आहे. पण तू अजून त्या बंद खोलीत काम करतेस का?”

नाही, आई. खिडकी उघडी असते. आणि यंत्र चालू.